पाळण्याचं नाक

माणसानं यंत्राला आधी डोळे दिले, मग कान दिले. तिथं थांबला असता तरी निभलं असतं. पण नाही, त्यानं यंत्राला नाक दिलं, आणि मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही.

हे यंत्रनाक म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. तिच्या अंगावर केसाहून बारीक तारा. हवेतला एखादा रेणू तारेला चिकटला की तारेतली वीज जराशी अडखळते. मोगऱ्याला वेगळी अडखळते, रॉकेलला वेगळी, मुळ्याच्या भाजीला तर फारच वेगळी. त्या अडखळण्यावरून वास ओळखायचा, एवढीच त्याची विद्या. आधी ते दवाखान्यात आलं. श्वासावरून साखर सांगायचं, पोटाचं दुखणं सांगायचं, गुणी बाळासारखं वागायचं. मग ते स्वस्त झालं आणि सुटलं. बँकेच्या खिडकीला लागलं, एस.टी.च्या दारात लागलं, लग्नाच्या हॉलला लागलं. तोंड समोर आलं की हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा. वाळव्याकडच्या एका लग्नात म्हणे नवरदेवाला लाल दिवा लागला, तर मुलीकडच्यांनी अंतरपाट खाली घ्यायलाच नकार दिला. नवरदेव पलीकडं बडीशेप चघळतोय, भटजी मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून म्हणतायत, अंतरपाट धरणारे मामा हात बदलून बदलून दमलेत. अंतरपाट खाली आला तेव्हा वऱ्हाड जेवून घरी गेलं होतं. लोक असं सांगतात, आणि लोक कशाला खोटं बोलतील?

तर अशा दिवसांत तासगावच्या रूपाली सूर्यवंशीला भाची झाली.

रूपालीचं बाजारपेठेमागं मसाल्याचं कांडप होतं. मिरची, धणे, खोबरं, लसूण घेऊन बाया यायच्या आणि लालभडक मसाला डब्यात भरून न्यायच्या. तिचं लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि मोडल्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं नव्हतं. तिचा जीव दोन ठिकाणी अडकलेला, एक कांडपात आणि दुसरा विक्रांतमध्ये. विक्रांत तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. त्याला रूपालीनंच न्हाऊ-माखू घालून वाढवलं, शिकवलं, ऋतुजाशी लग्न लावून दिलं. मग त्या दोघांना मूल होईना. होईना, होईना, आणि सगळ्यांनी विचारायचं सोडल्यावर मुलगी झाली. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं, आणि हे नाव रूपालीनं इतकी वर्षं पोटात धरून ठेवलं होतं.

बाळ घरी आलं त्या सकाळी ती नवी साडी नेसून, हातात बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन भावाच्या घरी पोचली. खोलीच्या मधोमध पाळणा होता. पाळणा कसला, छोटी मोटारगाडीच. खाली चाकं, वर पारदर्शक छत्र, कठड्यावर दिव्यांची ओळ. रूपाली हात पसरून त्यात डोकावली, "कुठंय माझं सोनं?" म्हणाली, आणि लाल दिवा लागला. पाळणा सुर्रकन हातभर मागं सरकला. छत्र मिटलं. आतून एक गोड बाई म्हणाली, "कृपया लांबूनच लाड करा."

"कोण गं ही सटवी?" रूपालीनं मागं वळून विचारलं.

ऋतुजाचे वडील प्रमोदराव घाटगे पुढं आले. पाळणा त्यांनीच आणला होता. पहिला पाळणा मुलीच्या माहेरचा, तेव्हा त्यांनी बाजारातला सगळ्यात शहाणा पाळणा निवडला होता. "वाईट वाटून घेऊ नका हं, रूपालीताई," ते म्हणाले. "हा पाळणा श्वास तपासतो. लहान जिवाजवळ कोण यावं, कोण नाही, हे त्याला कळतं. मला बघा!" ते वाकले. हिरवा दिवा. पाळण्यानं खुशीत एक झोका घेतला.

"अहो, मी दोनदा दात घासून आलेय."

"तुमचा धंदा लसणाचा पडला ना, ताई."

रूपाली हसली. हसायलाच पाहिजे होतं, व्याही होते. पण दुसऱ्यांदा वाकली तेव्हा पाळणा पार खिडकीपाशी गेला. तिसऱ्यांदा ती नुसती खुर्चीवरून उठली, तरी त्यानं तोंड फिरवलं. ऋतुजा बिचारी "ताई, चहा घ्या ना" म्हणत राहिली, आणि आत्यानं आपल्या भाचीचे फक्त तळपाय पाहिले.

घरी येऊन रूपालीनं कांडपाला कुलूप लावलं. लसूण हाताला नको, अंगाला नको, आसपास नको. मग तिनं लवंगा चघळल्या, वेलदोडे चघळले, पेरूचा कोवळा पाला चघळला. तांब्याच्या पट्टीनं जीभ इतकी खरवडली की पाणी पितानाही झोंबायला लागली. दर दोन तासांनी ती बँकेच्या खिडकीसमोर जाऊन "हाऽऽ" करायची, लाल दिवा बघायची आणि परत यायची. बँकेतल्या पोरीला वाटलं, बाईंना काहीतरी तक्रार करायचीय.

इकडं गावाची निराळीच पंचाईत. उन्हाळा म्हणजे वर्षाचा मसाला करायचे दिवस. मिरच्या वाळून कडकडीत झालेल्या, आणि कांडप बंद. आमट्या पांढऱ्या पडल्या. एका घरात सासू आणि सून एकमेकींशी गोड बोलायला लागल्या म्हणतात. तिखटच पोटात नाही तर भांडायला बळ कुठून आणायचं?

शेवटी कांडपावरची मालनमावशी कमरेला पदर खोचून रूपालीच्या दारात उभी राहिली. मावशी रूपालीहून वयानं थोरली, जिभेनं त्याहून थोरली. "चल उठ. दातांच्या डाक्टरणीकडं जाऊ."

"दात चांगलेत माझे."

"आगं, मग ती जीभ बघंल. तीबी तोंडातच आसती."

डॉ. निखत मुल्ला या तासगावच्याच. हसायला लागल्या की त्यांचा दवाखाना बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. त्यांनी रूपालीला खुर्चीत आडवं केलं. "जीभ काढा बाहेर. अजून काढा. लाजू नका, मला दिवसभर हेच बघायचं असतं." मग त्यांनी दिवा जवळ ओढला. जिभेवर सायीसारखा पांढरा थर होता, गालांच्या आत ठिपके. कापसानं एक ठिपका पुसला तर खाली लालबुंद.

"दम्याचा पंप घेता का?"

"घेते की. मिरचीच्या धुरळ्यानं दमा लागला. सकाळ-संध्याकाळ फवारा मारते, कधी चुकवत नाही."

"आणि नंतर चूळ भरता?"

रूपालीनं डॉक्टरांकडं असं पाहिलं, जणू त्यांनी मसाला गटारात ओतायला सांगितला. "औषध तोंडात गेल्यावर थुंकायचं? अहो, माझ्या कांडपात चिमूटभर तिखट सांडलं तरी मी कुंचल्यानं गोळा करते. उलट मी वरनं अर्धा कप गोड चहा पिते. तोंडात राहिलेलं सगळं आत जायला पाहिजे. थेंब वाया घालवत नाही."

डॉक्टर हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसल्या. बाहेरून जाणारा भाजीवाला थांबून बघायला लागला.

"ताई, ऐका. आपली जीभ म्हणजे गालिचा आहे. त्याच्या दशांमध्ये अन्नाचे कण अडकतात, मेलेल्या पेशी साचतात, थर बसतो. थराच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि बिनहवेचे जंतू तिथं बसून त्या घाणीतली प्रथिनं फोडतात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तेच. तोंडाच्या वासाचं हे नेहमीचं कारण. आता तुमची गंमत. प्रत्येकाच्या तोंडात थोडी बुरशी राहतेच, गरीब भाडेकरूसारखी, एका कोपऱ्यात. तुमच्या पंपातलं औषध फुप्फुसाची सूज उतरवतं, पण तोंडात राहिलं तर तिथली राखण करणाऱ्या पेशींनाही पेंगवतं. राखणदार झोपले, वरून तुम्ही गोड चहा पाजलात. भाडेकरीण मालकीण होऊन बसली! तिचा हा पांढरा थर, थरात पुन्हा जंतूंची वस्ती. आणि तुम्ही पट्टीनं खरवडून जीभ सोलून ठेवलीत."

"म्हणजे लसूण नाही?" रूपालीचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"लसणाचा काय संबंध?"

"आनि लसणाचं कसं आसतं वो मग?" मालनमावशीनं मधेच तोंड घातलं.

"लसणाचं वेगळं. त्याचा एक वायू पोटातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, आणि श्वासातून बाहेर येत राहतो. चूळ भरा, दात घासा, दिवसभर हटत नाही."

"वेलदोडा खाल्ला तरी?"

"तरी."

"आसं व्हय," मावशी म्हणाली आणि छताकडं बघत बसली.

डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, पंपानंतर चूळ भरून थुंकायची शपथ घ्यायला लावली, पट्टी काढून घेतली. "आठवडा-पंधरवड्यात साफ होईल."

"रविवारी बारसं आहे."

"मग? कानात बोलून बुरशी लागत नाही. खुशाल नाव सांगा. बाळाचा मुका तेवढा घेऊ नका."

"मला कळलं," रूपाली म्हणाली. "पण पाळण्याला कोण सांगणार?"

औषधानं गुण दिला. शनिवारी बँकेच्या खिडकीत लालचा पिवळा झाला. पण पिवळ्या माणसाला पाळणा हातभर लांब ठेवायचा, आणि हातभर लांबून नाव सांगायचं म्हणजे ते कानात कसलं, ती दवंडीच. विक्रांत त्या दिवशी कांडपावर आला. कुलूप बघून ओट्यावरच रूपालीशेजारी बसला.

"तायडे, मी त्याची वायर ओढतो. सरळ बंद करतो."

"आणि सासऱ्यांना काय सांगशील? त्यांनी हौसेनं आणलाय. लेकीच्या माहेरचा पाळणा बारशाला बंद करून ठेवला, तर ऋतुजाला काय वाटेल? अजून ओली बाळंतीण आहे ती."

"मग बाळाला मांडीवर घेऊन सांग नाव."

"नाव पाळण्यात घालूनच सांगतात, विकू. आणि सगळ्यांसमोर तो मला बघून पळाला, तर ती पोरगी मोठी होईपर्यंत लोक तेच सांगतील. नको." तिनं पदरानं ओटा पुसला. पुसायला तिथं काही नव्हतं. "केतकीला सांगते मी."

केतकी ही त्यांची चुलत बहीण, पुण्याची. तिच्या जिभेवर मोगरा होता. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले असे जंतू, की जे वाईट जंतूंना हुसकून लावतात आणि स्वतः मोगऱ्याचा वास सोडतात. पुण्यात तेव्हा ती फॅशन होती. केतकी जांभई देई तेव्हा खिडकीतून मधमाशा आत येत.

रूपालीनं तिला फोन लावला. "केते, उद्या नाव तू सांगायचंस. तुलाच हिरवा दिवा लागतो."

"रूपाताई, वेड लागलंय का? ते नाव तुझं आहे."

"नाव बाळाचं असतं. ऐक. वारणा. वारणा ठेवायचंय. आईचं माहेर वारणाकाठी होतं. दुसरीही मुलगी झाली तर हेच ठेवायचं म्हणायची, आणि झाला विकू." रूपाली हसली, पण ते हसू मधेच कुठंतरी ओलं झालं. "नीट सांग हं कानात. घाई करू नकोस."

पलीकडं केतकीची कागद-पेन शोधण्याची खुडबूड ऐकू आली. मग म्हणाली, "मालनमावशीचा नंबर दे."

"तो कशाला?"

"घुगऱ्यांचं विचारायचंय."

रूपालीनं नंबर दिला. मग मावशीला बोलावून कांडपाची किल्ली तिच्या हातात ठेवली. "उघड बाई. गावाला उपाशी मारायला नको." मावशीनं किल्ली घेतली आणि इतक्या लगबगीनं गेली, की चपला उंबऱ्यातच राहिल्या.

रविवारी विक्रांतचं घर बायांनी गच्च भरलं. एरवी बारशाला येणाऱ्या बाया येता येता दारातच बोलायला लागतात. आज सगळ्या ओठ घट्ट मिटून येत होत्या, मानेनं नमस्कार करत होत्या आणि भिंतीकडेनं बसत होत्या. रूपालीला वाटलं, आपल्यामुळंच सगळ्या अवघडल्यात. ती घुगऱ्यांचं ताट घेऊन दाराजवळ बसली. प्रमोदराव मात्र मजेत होते. सकाळी मालनमावशीनं त्यांना खास भाकरी आणि ताजी चटणी पाठवली होती, ती त्यांनी तीनदा मागून खाल्ली होती.

बाळाला पाळण्यात ठेवलं. केतकी उठली, पदर सावरला, वाकली आणि तोंड उघडलं.

लाल दिवा लागला. मग हिरवा, मग पुन्हा लाल, मग पाळण्यानं कधी न दाखवलेला जांभळा. मोगरा आणि कच्चा लसूण एकाच श्वासात या पाळण्यानं जन्मात हुंगला नव्हता. तो मागं सरकला, पुढं आला, छत्र मिटलं, उघडलं. "कृपया लांबूनच," गोड बाई म्हणाली आणि अडखळली. "कृपया मोगरा... कृपया..."

"असं कसं?" प्रमोदराव लगबगीनं पुढं झाले. "थांबा, मी बघतो." ते वाकले. लाल!

"मी?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी नाक मुरडून दाखवलं होतं.

"आता मी बघू का?" मालनमावशी उठली. लाल. तिच्यामागून शेजारची प्रज्ञा उठली, लाल. कोपऱ्यावरची शबाना, लाल. मग सगळ्याच बाया ओठ उघडून एकदम बोलायला लागल्या, आणि खोलीत जी लाट उसळली तिनं पंख्याचा वेग कमी झाला म्हणतात. पहाटेपासून रूपालीच्या कांडपात ताज्या लसणाची चटणी कुटली जात होती आणि बाया रांगेनं येऊन भाकरीवर गोळा घेऊन खात होत्या.

"आमच्या रूपालीला लाल, तर आख्ख्या पेठंला लाल!" मावशी कमरेवर हात ठेवून पाळण्याला म्हणाली. "कर काय करायचं ते. डाक्टरणीला इचारलंय मी, वेलदोड्यानंबी जात न्हाई!"

रूपालीच्या हातातलं ताट कलंडलं. घुगऱ्या फरशीभर झाल्या. "अगं बयांनो," ती एवढंच म्हणाली, "काय गं हे..."

"कृपया सर्वांनी लांबून लाड करा," पाळणा कळवळून म्हणाला. आणि सगळ्यांआधी ऋतुजा उठली. तिला पाळणा कधी अडवत नसे. तिनं छत्र बाजूला केलं, बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि वडिलांकडं वळली.

"बाबा, तुमची हौस कळते मला. पण जो पाळणा तिच्या आत्याला लांब ठेवतो, त्यात मी माझी लेक नाही निजवणार."

प्रमोदरावांनी हाताच्या ओंजळीत श्वास सोडला, हुंगला, चेहरा वाकडा केला आणि हसत सुटले. "अगं, मलाच ठेवत नाहीय जवळ, तिथं ताईंचं काय घेऊन बसलीस!"

रिकाम्या पाळण्याची सहनशक्ती तोवर संपली होती. "शुद्ध हवेकडे जात आहे," असं जाहीर करून तो दारातून निघाला. उतारावरून रस्त्याला लागला, वळणावर एका म्हशीला रीतसर बाजू दिली आणि थेट पलीकडच्या द्राक्षबागेत शिरला. तिथं भुरीच्या बुरशीवर गंधकाची फवारणी चालू होती. आत गेल्यावर त्याचं काय झालं ते बागवाल्यानं कधी नीट सांगितलं नाही, पण त्या वर्षी तिथली द्राक्षं लाजून लाल झाली असं तो शपथेवर सांगे.

"साडी आणा कुणीतरी," ऋतुजा म्हणाली.

केतकीनं सुती साडीची झोळी केली. एक टोक तिनं धरलं, एक मावशीनं. ऋतुजानं बाळाला अलगद आत ठेवलं. झोळीला ना दिवा होता ना नाक. ती नुसती हलत होती.

"ताई, या ना," ऋतुजानं हाक मारली.

रूपाली उठली, पण पाय पुढं पडेनात. इतके दिवस मागं मागं सरकणारी वस्तू पाहून तिचं अंगच विसरलं होतं, की जवळ जाता येतं. तिनं बारशाला आलेल्या डॉ. मुल्लांकडं पाहिलं. त्या दारात उभ्या राहून रुमालानं नाक धरून हसत होत्या. "जा, जा! कान तेवढा. मुका नाही."

रूपाली वाकली. आपला श्वास तिनं आधी क्षणभर धरूनच ठेवला. मग सोडला. झोळी मागं सरकली नाही. बाळाचा कान केवढासा, शेंगदाण्याच्या टरफलाएवढा, त्यावर मऊ लव. रूपालीनं त्यात "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. घाई केली नाही. आईचं माहेर, वारणेचं पाणी, विकूची अर्धी चड्डी, सगळं त्या एका शब्दात बसवून सांगितलं.

"वारणा!" बायांनी एकच गलका केला, आणि आत्याच्या पाठीवर रीतीप्रमाणं धपाटे पडायला लागले. मावशीचा, शबानाचा, प्रज्ञाचा. केतकीनं तर झोळी सांभाळून दुसऱ्या हातानं असा दणका दिला की ढोल वाजल्यासारखा आवाज झाला. विक्रांतनंही मधे हात घालून एक मारून घेतला. रूपाली मात्र उठेचना. धपाटे खात, हसत, डोळ्यांतलं पाणी नाकावरून निथळू देत ती तशीच वाकून राहिली.

तेवढ्यात बाळानं जांभई दिली. भलीमोठी, पार टाळूपर्यंतची. आंबुस दुधाचा एक उबदार भपकारा थेट रूपालीच्या नाकावर आला. इवल्याशा जिभेवर पांढरा थर होता.

"डॉक्टर!" रूपाली ओरडली. "अहो, हिच्यापण जिभेवर!"

डॉ. मुल्ला बायांमधून वाट काढत आल्या, डोकावल्या, करंगळीला मऊ कापड गुंडाळून हळूच पुसलं. थर सहज निघाला, खालून गुलाबी जीभ हसली. "बुरशी नाही हो. दुधाची साय आहे नुसती."

"पन वास तर मारतोय," मालनमावशी झोळीत नाक घालून म्हणाली. "तो पाळना आस्ता तर हिलाच लाल दिवा लागला आस्ता की गं!"

"लागणारच," रूपालीनं पाठ सरळ न करता, पुढच्या धपाट्याची वाट बघत सांगितलं. "आत्यावर गेलीय!"